हरकतीचे तीस दिवस : गावचा कर, गावचा खर्च आणि आपण

आजचा विषय ऐकून काही जण म्हणाले, "अंदाजपत्रक? त्यावर कोण व्याख्यान ऐकायला येणार?" तरीही तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या दृश्यापासून करू. आपल्याकडच्या नगरपालिकांत साधारण दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात ती. मोजणीवाले टेप घेऊन येतात, पुढे मागची पडवी, वाढवलेली खोली, गच्चीवरचा पत्रा, सगळं कागदावर चढतं आणि मग एक दिवस घरोघर नोटीस येते. कर वाढलेला असतो. हरकतीला साधारण तीस दिवसांची मुदत असते. त्या तीस दिवसांत नगरपालिकेत पाय ठेवायला जागा नसते. व्यापारी येतात, पेन्शनर येतात, चाळीचे मालक येतात. सुनावणीला रांगा लागतात, मोर्चे निघतात, बाजारपेठ बंद राहते.

आता दुसरं दृश्य बघा. फेब्रुवारी महिना. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर अंदाजपत्रकाची विशेष सभा. वर्षभर गावात कुठे पाइप पडणार, कुठल्या गटारीला पैसे मिळणार, कुठली शाळा गळकीच राहणार, हे तिथे ठरतं. ही सभा नागरिकांना बसून ऐकता येते. पण आम्ही जिथे जिथे विचारलं, तिथे उत्तर एकच मिळालं : कुणी येत नाही. सभा तासाभरात संपते. अंदाजपत्रक मंजूर होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, 'इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर'.

म्हणजे पैसे देताना गाव जागं असतं, पण पैसे खर्च होताना झोपतं. असं का? लोक आळशी आहेत असं उत्तर पटकन दिलं जातं, ते आम्हाला पटत नाही. यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आज तोच थोडक्यात मांडायचा आहे.

पहिली गोष्ट काशीची. १८१० साली कंपनी सरकारने घरांवर आणि दुकानांवर कर बसवला. त्या वर्षीचं पंधरावं रेग्युलेशन ते. घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा पाच आणि दुकानांवर शेकडा दहा. डिसेंबरअखेर बनारसने काम बंद केलं. दुकानं बंद, व्यवहार ठप्प. पुढाकार लोहारांचा होता, आणि मग बाकीचे व्यवसायही त्यात आले. हजारो लोक घरं सोडून गावाबाहेर उघड्यावर जाऊन बसले. थंडीचे दिवस होते. गावोगाव निरोप गेले की प्रत्येक घरातून एक माणूस यावा. जानेवारीत सरकारने देवळं-मठांसारख्या धार्मिक इमारतींना सूट दिली, पण तेवढ्याने लोक समाधानी झाले नाहीत. अखेर साधारण वर्षभराने तो कर मागे घ्यावा लागला. धरमपाल यांनी १९७१ साली सरकारी कागदपत्रांच्या आधारे हा सगळा प्रसंग पुस्तकरूपाने पुढे आणला, म्हणून तो आज आपल्याला तपशिलात माहीत आहे.

या घटनेचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण एक लक्षात घ्या. काशीच्या लोकांना विचारायचं होतं की हा कर कशासाठी आणि कुणाच्या परवानगीने. 'हा पैसा इथल्या घाटावर खर्च करा, इथल्या गल्लीत खर्च करा' असं म्हणायची जागाच त्या रचनेत नव्हती. करावर नाही म्हणणं एवढाच एक दरवाजा होता आणि त्यांनी तो जोरात ठोठावला.

सरकारने त्यातून धडा घेतला. १८४२ साली बंगालसाठी एक कायदा झाला. गावातल्या दोनतृतीयांश घरमालकांनी अर्ज केला तरच तिथे स्वच्छतेसाठी नगरव्यवस्था आणायची आणि त्यासाठी घरांवर कर घ्यायचा. ऐकायला किती लोकशाहीवादी! पण झालं काय? तो कायदा एकाच गावात लागू झाला. आणि तिथे कर मागायला सुरुवात झाल्यावर लोकांनी तो दिला तर नाहीच, उलट वसुलीला आलेल्या कलेक्टरवरच आमच्या हद्दीत घुसला म्हणून फिर्याद केली.

(हशा)

हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण तिचा परिणाम आपण आजपर्यंत भोगतो आहोत. कारण आठ वर्षांनी, १८५० साली, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी सव्विसावा कायदा आला, तेव्हा सरकारने घरपट्टीचा हट्ट सोडला. रहिवाशांची इच्छा असेल तर नगरपालिका, ही अट राहिली, पण आता अप्रत्यक्ष कर घ्यायची मुभा मिळाली. म्हणजे जकात. मुंबई इलाख्याने हा कायदा उत्साहाने उचलला. आपल्याकडच्या जुन्या नगरपालिका, सातारा, सोलापूर, पंढरपूर, नगर, पुणे, या सगळ्या १८५० च्या दशकातल्या आहेत. 'रहिवाशांची इच्छा' कागदावर होती. प्रत्यक्षात कलेक्टरसाहेबांनी गावातल्या चार प्रतिष्ठितांना बोलावलं की इच्छा तयार व्हायची.

आता जकातीचा स्वभाव समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. घरपट्टीची नोटीस नावावर येते. जकात नाक्यावर द्यायची असते. गाडीवान थांबतो, पोती मोजली जातात, पावती फाटते. पैसे व्यापारी भरतो आणि धान्याच्या, तुपाच्या, लाकडाच्या भावात मिळवतो. विकत घेणाऱ्या बाईला आपण नगरपालिकेला कर देतोय हे कधी कळतच नाही. गावातला गरिबातला गरीब माणूस शंभर-दीडशे वर्षं नगरपालिका चालवत होता, आणि त्याचं नाव करदात्यांच्या यादीत कुठेच नव्हतं.

आणि मताचा अधिकार कुणाला? करदात्यांना. १८७३ च्या मुंबई इलाख्याच्या नगरपालिका कायद्याने निवडणुकीची वाट थोडी उघडली. मग १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव आला. रिपन यांचं म्हणणं मोठं नेमकं होतं. कारभार लगेच सुधारेल म्हणून हे करायचं नाही, लोकांचं राजकीय शिक्षण व्हावं म्हणून करायचं. त्या ठरावाने नगरपालिकांवरचा पोलीस खर्चाचा बोजाही काढला, म्हणजे तो पैसा गावाच्या कामी यावा. १८८४ च्या दुरुस्तीने आपल्या इलाख्यात लोकनियुक्त सभासदांची संख्या वाढली. पण मतदार कोण, तर ठरावीक मिळकत किंवा ठरावीक कर असलेला. सभागृहात बसले वकील, सावकार, व्यापारी, इनामदार. जकात भरणारं गाव सभागृहाबाहेर राहिलं.

या पार्श्वभूमीवर पुण्यातला एक प्रसंग सांगतो. आजचं पुणं नव्हे, साधारण लाखभर वस्तीचं पुणं. आजच्या हिशेबात ती एक मध्यम नगरपालिकाच झाली असती. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं तिथे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. स्वागतासाठी, सजावटीसाठी एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. ठराव मताला गेला. विरोधी मत एकच पडलं, जोतीरावांचं.

पुढे मंडईच्या इमारतीचा प्रश्न आला. लाखांचा खर्च होता. तिथेही त्यांचा मुद्दा तोच : आधी शिक्षण, मग इमारत. मंडई झालीच. १८८६ साली रे मार्केट या नावाने ती उघडली. आणि १९३८ साली, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्याच मंडईला महात्मा फुले मंडई असं नाव मिळालं. आज तिथे भाजी घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ज्यांचं नाव वर आहे, त्यांनी या खर्चाला विरोध केला होता?

आता मंडई चूक होती का? आम्ही तसं म्हणत नाही. उन्हापावसात बसणाऱ्या भाजीवाल्यांना छप्पर मिळालं, ते चांगलंच झालं. मुद्दा वेगळा आहे. काशीचे लोक म्हणत होते, 'कर देणार नाही'. जोतीराव म्हणत होते, 'जमा झालेला पैसा या खात्यावर नको, त्या खात्यावर टाका'. आपण ज्या इतिहासाचा शोध घेतोय, त्यात हा मोठा बदल आहे. अंदाजपत्रकातली एक ओळ उचलून, तिच्यासमोर दुसरी गरज ठेवून, उघडपणे मत देणं. अंदाजपत्रकात भाग घेणं म्हणजे हेच. पण ते एकटे होते, आणि ज्यांच्यासाठी ते बोलत होते, ती माणसं मतदारयादीत नव्हती.

दुसरं उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं प्रसिद्ध आहेत. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १९०२ च्या मार्चमध्ये त्यांनी पहिलं भाषण केलं. सरकारकडे शिल्लक पडतेय याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातंय, असा त्यांचा युक्तिवाद होता. गंमत बघा, त्या कौन्सिलात सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होतं, पण त्यावर मत देता येत नव्हतं. हेच गोखले त्याच काळात पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. देशाच्या हिशेबावर फक्त बोलायचं आणि गावच्या हिशेबाची जबाबदारी घ्यायची, या दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या. आज आपण 'सूचना मागवल्या आहेत' असं वाचतो ना, तेव्हा हा फरक मनात ठेवा. बोलायला मिळणं आणि ठरवायला मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? प्रौढ मताधिकार आला आणि करदाता नसलेला माणूस मतदार झाला. फार मोठी गोष्ट. १९६५ साली महाराष्ट्र नगरपालिकांचा एकत्रित कायदा झाला. त्यात करआकारणीची यादी प्रसिद्ध करायची, हरकती घ्यायच्या, सुनावणी द्यायची, अपील ठेवायचं, ही सगळी शिडी बांधलेली आहे. ब्रिटिश काळातल्या कायद्यांतून चालत आलेलीच ती. पण अंदाजपत्रकासाठी तशी शिडी नाही. मुख्याधिकाऱ्यांनी तयार करायचं, सभागृहाने मंजूर करायचं. नागरिकाला कर लागण्याआधी विचारतात, खर्च ठरण्याआधी विचारत नाहीत. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. लोक तिथेच गर्दी करतात जिथे कायद्याने त्यांच्यासाठी दार ठेवलंय.

उरलेलं अर्धं उत्तर १९९९ सालचं आहे. त्या वर्षी राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावरचा त्रास आणि भ्रष्टाचार, दोन्ही गेले, फार कुणी हळहळलं नाही. बदल्यात राज्य सरकार अनुदान देऊ लागलं. महानगरपालिकांत आधी जकात, मग २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी, आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. म्हणजे गावाचा स्वतःचा मोठा कर गेला आणि त्या जागी वरून येणारा पैसा आला. आता लहान शहराच्या अंदाजपत्रकात अनुदानांची पानं जास्त आणि स्वतःच्या उत्पन्नाची कमी. अनुदानही बांधलेलं. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या पैशाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला होता. मग नगरसेवक म्हणतो, "आमच्या हातात काय आहे?" आणि नागरिक म्हणतो, "पैसा सरकारचाच आहे, आपल्याला काय?" दोघांचंही बोलणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळे सभा तासाभरात संपते.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनमध्ये लागू झाली. तिने नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं. पण वॉर्ड समित्या कुठे सक्तीच्या? तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत. आपल्यासारख्या गावांना ते बंधन नाही. खेड्याला ग्रामसभा आहे, मोठ्या शहराला वॉर्ड समिती आहे, आणि मधल्या गावाला काहीच नाही. गंमत म्हणजे लोकांनी एकत्र बसून ठरवायला मधलं गावच सगळ्यात सोयीचं. इथे प्रत्येक जण कुणाला ना कुणाला ओळखतो, आणि फुटलेली पाइपलाइन सगळ्यांनी पाहिलेली असते. २००९ साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, पण तिची आठवण किती जणांना आहे ते तुम्हीच हात वर करून सांगा. (थोडा वेळ थांबून) बरं. तीन हात.

इतरत्र हे कुणी करून पाहिलं का? पाहिलं. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीसभा सुरू झाल्या. शहराचे सोळा विभाग केले, प्रत्येक विभागातले लोक एकत्र येऊन कामांचा क्रम लावायचे, त्यांचे प्रतिनिधी तो पुढे न्यायचे. सांडपाणी, रस्ते, शाळा, यांचा क्रम वस्तीने ठरवायचा. जगभर त्याचं अनुकरण झालं. पण २०१७ साली खुद्द तिथेच ते थांबवलं गेलं. सत्तेवर येणाऱ्याच्या मर्जीवर असलेली पद्धत मर्जी बदलली की जाते, हा त्यातला धडा. केरळात १९९६ साली लोकनियोजनाची मोहीम झाली. राज्याने योजनेच्या रकमेतला एकतृतीयांशाहून अधिक वाटा स्थानिक संस्थांकडे दिला, आणि खेड्यांबरोबर लहान नगरपालिकांतही वॉर्डातल्या लोकांच्या सभा घेतल्या. आधी पैसा खाली आला, मग माणसं जमली. हा क्रम महत्त्वाचा आहे. पैसा नसेल तिथे नुसती सभा बोलावली तर एकदा येतील, दुसऱ्यांदा येणार नाहीत. आणि आपल्या पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अर्ज घेऊन प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकात घालायची पद्धत सुरू झाली. अर्ज भरणारे भरतात. पण तो अर्ज मान्य का झाला, अमान्य का झाला, हे अर्जदाराला समजलं नाही, तर तोही सूचनेचाच एक प्रकार राहतो.

आता थोडं आपल्या कामाचं बोलू. या सगळ्यात पणाला काय लागलंय? आमच्या मते एक साधी गोष्ट. हरकतीच्या तीस दिवसांत कोण येतं? ज्याच्या नावावर मिळकत आहे तो. भाडेकरू येत नाही, हातगाडीवाला येत नाही, झोपडपट्टीतली बाई येत नाही. तिला घरपट्टीची नोटीस नाही, म्हणून हरकत नाही, म्हणून सुनावणी नाही. पण सार्वजनिक नळ, संडास, दवाखाना, नगरपालिकेची शाळा, या सगळ्याची खरी गरज तिलाच. आपण फक्त करावर भांडत राहिलो, तर मिळकतदारांचा आवाज ऐकू येईल, कर कमी राहील, आणि कमी झालेल्या पैशाची कात्री तिच्या नळावर चालेल. म्हणून जोतीरावांचं ते एकटं मत आजही शिळं झालेलं नाही. खर्चाच्या सभेत तिच्यासाठी जागा झाली पाहिजे.

काय करता येईल? तीन गोष्टी सांगतो, तिन्ही आजच्या कायद्यात बसतात.

पहिली, वेळ. फेब्रुवारीत गेलात तर उशीर झालेला असतो. विभागांकडून आकडे मागवले जातात ते त्याआधी, हिवाळ्यात. वॉर्डाची मागणी लेखी, नेमकी, अंदाजे खर्चासह, डिसेंबरच्या आत गेली पाहिजे. 'रस्ते चांगले करा' असं लिहू नका. अमुक गल्लीतली अमुक फूट गटार, असं लिहा.

दुसरी, वाचन. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अंदाजपत्रक स्वतःहून प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. ते मिळवा आणि तीन रकाने शेजारी ठेवून बघा : मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाची तरतूद. एखाद्या कामाला दरवर्षी तरतूद आणि दरवर्षी खर्च शून्य दिसला, तर तुमचा प्रश्न तयार झाला. घरपट्टीचं बिलही नीट वाचा. त्यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपालिकेच्या तिजोरीत राहत नाही, तो राज्याकडे जातो. आपलं गाव आपल्याकडून खरं किती घेतं हे आधी कळायला हवं. आणि थकबाकी कुणाची किती, हेही विचारा. बहुतेक वेळा छोट्या घरांपेक्षा मोठ्या मिळकतींचे आकडे बोलके असतात.

तिसरी, सोबत. हरकत घ्यायला जाताना शेजारच्या भाडेकरूला बरोबर न्या. अंदाजपत्रकाच्या सभेत तो तुमच्याइतकाच नागरिक आहे. सभेला दहा माणसं जाऊन शांत बसली तरी सभा तासात संपत नाही, हे आम्ही एका गावात डोळ्यांनी पाहिलंय. नगरसेवक मागे वळून बघतात आणि मग वाचून दाखवतात.

कर वाढवायला आमचा विरोध आहे का, असा प्रश्न येईल, म्हणून आधीच सांगतो. सरसकट नाही. जे गाव स्वतः काहीच कर देणार नाही, ते अनुदानाकडे डोळे लावून बसणार, आणि अनुदान देणारा अटी घालणार. पण वाढीव कर मागणाऱ्याने तो कुठल्या ओळीत जाणार हे सांगितलं पाहिजे, आणि ती ओळ ठरवताना आम्हाला बोलावलं पाहिजे. काशीचं 'नाही' आणि जोतीरावांचं 'तिकडे नको, इकडे' हे दोन्ही आपलेच वारसे आहेत. पहिला आपण चांगला सांभाळलाय. दुसरा अजून उचललेला नाही.

येत्या डिसेंबरात आपल्यापैकी कुणी एक जरी मागणी लेखी दिली, तर तिची पोच जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी इथे घेऊन या. तिथून पुढे बोलू. आता प्रश्न असतील तर अवश्य विचारा.